परत मागितलेली हजार पत्रकं

दिनांक ९ फेब्रुवारी, रविवार, सकाळी दहा. ठिकाण भवानी पेठ, मास्तरांची खोली. हजर: मास्तरांची भाची, आमच्या संघटनेचे तेव्हाचे सेक्रेटरी, ज्यांचं आता जुळे सोलापुरात औषधांचं दुकान आहे, छापखान्याच्या खिळ्यांचं, म्हणजे अक्षरांच्या ठशांचं, शिसं न्यायला आलेला भंगारवाला, आणि मी. निरोप पोचूनही आले नाहीत असे अकरा जण.

मास्तरांना जाऊन सोळा दिवस झाले होते आणि घरमालकाला खोली मोकळी हवी होती. कामांची यादी मी करून नेली होती. बारा वाजेपर्यंत बहुतेक कामं उरकली. छपाईचं मशीन कधीच विकलं गेलं होतं, त्यामुळे खिळ्यांचे खण सोडले तर जड असं काही नव्हतं. भांडी भाचीनं घेतली. दोन धोतरं, चार सदरे, एक चष्मा. कॉटखालून पत्र्याची ट्रंक निघाली. भाचीला एकटीला ती ओढवेना.

"मामय्यांनी दगडं भरलीत की काय हिच्यात, अक्का," ती म्हणाली.

"रद्दी आहे. टेम्पोत घाला," सेक्रेटरी म्हणाले.

"ही माझ्याकडे जाईल," मी म्हणाले.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि विषय सोडला. ट्रंकेत काय आहे ते आम्हा दोघांनाही माहीत होतं. एकाच पत्रकाच्या सहाशे चौऱ्याहत्तर प्रती. मास्तरांनी ते पत्रक एका दुपारी छापलं, प्रती हजार. पुढची बावीस वर्षं ती हजार परत गोळा करण्यात घालवली. त्यावर एका माणसाचं नाव होतं, आणि त्या नावाखाली लिहिलेलं खोटं होतं.

मास्तर कुठल्याही शाळेत शिकवत नव्हते. ते कंपोझिटर, खिळे जुळवणारे, आणि पुढं स्वतःच्या लहानशा छापखान्याचे मालक. घरात तेलुगू. मराठी ते खिळ्यांवरून शिकले, म्हणून बोलायचेही छापल्यासारखं. सगळी पेठ "लाईट गेली" म्हणायची, मास्तर म्हणायचे, "वीजपुरवठा खंडित झालेला आहे." फार चिडले की तेलुगूत जायचे, पण तिथं त्यांचं मन रमत नसावं, लगेच परत यायचे. खिळ्यांवरचं अक्षर उलटं असतं. चाळीस वर्षं ते वाचून त्यांना उलटंच सुलट झालं होतं. हॉटेलात बसले की समोरच्या आरशातली पाटी वाचायचे. दुसऱ्याच्या हातातलं वर्तमानपत्र समोर बसून, उलटं, त्याच्याआधी वाचून संपवायचे आणि पान उलटायची वाट बघत राहायचे.

ती भारनियमनाची वर्षं होती. लाईट गेली की पेठेतले यंत्रमाग एकदम थांबायचे. दिवसभर कानात बसलेला खडखडाट गेला की डोकं हलकं व्हायचं. कामगार बाहेर येऊन पायरीवर बसायचे, बिडी काढायचे. त्या शांततेत एकच आवाज यायचा, मास्तरांच्या पायानं चालणाऱ्या ट्रेडल मशीनचा. त्यांना विजेची गरज नव्हती. अर्ध्या तासात शाई ओली असतानाच पत्रकं गल्लीत जायची. माग बंद, हात रिकामे, डोकं रिकामं, कामगार वाचायचाच. आमची संघटना ज्याला प्रचार म्हणायची तो असा चालायचा. मालक आम्हाला माथेफिरू म्हणत, पोलीस त्याहून वाईट म्हणत, आणि आम्हाला दोन्ही आवडायचं. आमची पत्रकं बारा तासांच्या पाळीबद्दल होती, कापडातल्या खोटीपायी कापल्या जाणाऱ्या पगाराबद्दल होती, आणि सगळ्यात शेवटी, नेहमी, मालकीच मोडून काढण्याबद्दल होती. विडी कारखान्यात बायकांना मिळणाऱ्या पानांच्या पुड्यांतून ती घरोघर जायची. टॉवेलच्या गठ्ठ्यांतून परगावी जायची. भिंतीवर लावायला मागावरची सुताची खळ वापरायचो. ती एकदा वाळली की भिंत निघेल पण कागद निघणार नाही.

मास्तरांचे नियम होते. एका पत्रकाला दोनच उद्गारचिन्हं, कारण खणात चारच होती आणि त्यातली दोन झिजलेली. सेक्रेटरींच्या मजकुरात दर ओळीला एक असायचं. मास्तर म्हणायचे, "साहेब, आपण ओरडा. छापखान्याला ओरडता येत नाही." दुसरा नियम वाटपाचा: ज्याला वाचता येत नाही त्याला दोन प्रती, एक घरात वाचणाऱ्यासाठी, एक शेजाऱ्यासाठी. तिसरा नियम सगळ्यांना खुपायचा. प्रत्येक कागदाच्या तळाशी मुद्रकाची ओळ हवीच, त्यांचं नाव, पेठ, घर नंबर. सेक्रेटरी डोक्याला हात लावायचे.

"मास्तर, आपण गुप्त काम करतोय."

"मजकूर गुप्त असू शकतो. मुद्रक असू शकत नाही."

आणि जे छापलेलं नाही ते सांगितलेलंच नाही, अशी त्यांची पक्की समजूत. त्यामुळे गुप्त बैठकीचं बोलावणंसुद्धा ते छापायचे. चाळीस माणसांसाठी चाळीस चिठ्ठ्या. वार, वेळ, ठिकाण, नीट चौकटीत. आम्ही हसायचो. पण चिठ्ठी सुबक असायची, आणि लोक वेळेवर यायचे.

मी तेव्हा सव्वीस वर्षांची होते. सकाळी एका शाळेच्या कार्यालयात नोकरी, दुपारी संघटना. माझ्याकडे याद्या होत्या: कुठल्या गल्लीत किती, कुणाच्या हातून, कुणाच्या घरात वाचणारं कोण. मास्तर मला यादीबाई म्हणायचे. गठ्ठे लांबच्या वस्त्यांत न्यायला मेहबूबभाईंची रिक्षा होती. सकाळी ते शाळेची पोरं सोडायचे, दुपारी आमची पत्रकं. मला ताई म्हणायचे. "ताई, तुमचा कागद लई जड. क्रांती हाय म्हनून का?" असं म्हणत गठ्ठा पायाशी ठेवायचे. संघटनेचे ते सभासद नव्हते. विचारलं तर म्हणायचे, "मेरी गाडी मेंबर है, बस है की."

एका गुरुवारी दुपारी तीनला देवळामागच्या गोदामात बैठक होती. आम्ही जमलो आणि दहा मिनिटांत पोलीस आले. तिघांना नेलं. त्यातले एक वयस्कर विणकर होते. ते सुटून आल्यावर पुन्हा मागावर उभे राहू शकले नाहीत.

कुणीतरी आतून सांगितलं होतं, हे उघड होतं. शनिवारी कमिटी बसली. कुणीतरी म्हणालं, मेहबूबभाई त्या आठवड्यात दोनदा चौकीवर दिसले. दिसले होतेच, रिक्षा स्टँडच्या भांडणाची तक्रार होती, पण हे आम्ही नंतर विचारलं. त्या दिवशी कुणी विचारलं नाही. सेक्रेटरींनी मजकूर लिहिला. मी इतिवृत्त लिहिलं: हजर सात, विरोध नाही. मेहबूबभाईंच्या शेजारी बसून मी किती वेळा फिरले होते. मीसुद्धा "विरोध नाही" यातच होते.

मास्तरांनी मजकूर हातात घेऊन एकच विचारलं, "नाव नक्की आहे?"

"नक्की," सेक्रेटरी म्हणाले.

मास्तरांनी सगळ्यात मोठे खिळे काढले, लग्नपत्रिकेत वधूवरांच्या नावांसाठी ठेवलेले. वर नाव, खाली एकच शब्द: खबऱ्या. "या मापात नाव चांगलं बसलं," ते स्वतःशी म्हणाले. कारागिराचं समाधान होतं ते. त्या वाक्याची त्यांना पुढं किती लाज वाटायची ते मी पाहिलंय.

सोमवारी लाईट गेली आणि हजार प्रती गेल्या. मंगळवारी मेहबूबभाईंच्या रिक्षाची गादी ब्लेडनं फाडलेली होती. बुधवारी शाळेच्या पोरांच्या आयांनी मुलं त्यांच्याबरोबर पाठवणं बंद केलं. त्यांच्या मुलीच्या दप्तरात कुणीतरी ते पत्रक घालून ठेवलं. ती तेव्हा दुसरीत होती. मोठं अक्षर होतं, तिला वाचता आलं.

त्याच बुधवारी दुपारी मास्तर कोठडीतल्या तिघांना डबा घेऊन चौकीवर गेले. बाकावर एक हवालदार भजी खात बसला होता. तेलानं कागद आरपार झाला होता आणि आतल्या बाजूची छपाई बाहेरून उलटी दिसत होती. दुसऱ्या कुणाला ते डाग वाटले असते. मास्तरांनी उभ्या उभ्या वाचलं: गुरुवार, दुपारी तीन, देवळामागचं गोदाम. चौकट त्यांचीच. शाई एका कोपऱ्यात फुटलेली, म्हणजे वाया गेलेली प्रत.

हवालदाराच्या ते लक्षात आलं. "मास्तर, तुमचीच छपाई की," तो म्हणाला. "मागच्या आठवड्यात भज्याबरोबर बातमी फुकट मिळाली बगा."

मास्तर परत आले तेव्हा मी पत्रकांच्या याद्या लावत होते. डबा तसाच हातात होता. त्यांनी विचारलं, "बाई, वाया गेलेले कागद हल्ली कुठं जातात?"

इथं मला माझं सांगायला हवं. पूर्वी मास्तर खराब प्रती पाणी तापवायच्या बंबात जाळायचे. खोलीभर धूर, भिंती काळ्या. ते आठ दिवस हैदराबादला बहिणीकडे गेले असताना मी छापखाना आवरला. खण पुसले, शाईचे डबे ओळीनं लावले, आणि कोपऱ्यावरच्या भजीवाल्याशी ठरवलं की दर दोन दिवसांनी त्यानं रद्दी न्यायची. कागद चांगला, एका बाजूनं कोरा, जाळायचा कशाला? परत आल्यावर मास्तरांनी भिंतींकडं पाहून मला शाबासकी दिली होती. रद्दीत लग्नपत्रिका कुठल्या आणि चिठ्ठ्या कुठल्या, हे वेगळं करण्याचं माझ्या यादीत नव्हतं.

मी हे सगळं सांगितलं. मास्तर स्टुलावर बसले. म्हणाले, "रद्दी छापखान्याची. छापखाना माझा." आणि त्यानंतर हा विषय त्यांनी माझ्यापाशी कधी काढला नाही.

कमिटीला त्यांनी खुलाशाचं पत्रक काढायला सांगितलं. सेक्रेटरी तयार झाले नाहीत. "एकदा आपण चुकलो म्हटलं की लोक म्हणणार, मागची सगळी पत्रकंही अशीच असतील. पगाराची, पाळीची, सगळी." हे म्हणणं खोटं नव्हतं. मास्तर म्हणाले, "मग तसं म्हणोत." त्यांनी स्वतः मजकूर जुळवला, मेहबूबभाई निर्दोष आहेत, चूक छापखान्याची आहे, आणि उद्गारचिन्ह एकही घातलं नाही. मी आणि ते दोघंच वाटायला गेलो. पायरीवर बसलेला एक मागवाला कागद हातात न घेता म्हणाला, "परवा खबऱ्या म्हनला, आज न्हाय म्हनता. तुमचं ठरवा की आदी." शेजारचे हसले. पहिलं पत्रक लोकांनी एकमेकांना वाचून दाखवलं होतं. दुसऱ्याची घडी करून बिडी शिलगावली.

तोवर मेहबूबभाई घराला कुलूप लावून बायकोच्या माहेरी, मैंदर्गीला गेले होते.

मास्तर खुलाशाचं पत्रक घेऊन एसटीनं मैंदर्गीला गेले. एकटेच, मला येऊ दिलं नाही. परतल्यावर जे सांगितलं ते जसंच्या तसं, कारण मास्तर दुसऱ्याचं बोलणं बदलत नसत. मेहबूबभाईंनी पाणी दिलं. सगळं ऐकून घेतलं. रद्दी, भजी, हवालदार. मग म्हणाले, "हजार छापे ना तुमे? हजार वापस लाव. मेरे सामने गिनो. फिर माफी का देखेंगे."

दुसरा कुणी हे रागातलं बोलणं समजला असता. मास्तर म्हणाले, "मागणी वाजवी आहे."

"रद्दी कुणी दिली ते सांगितलंत का?" मी विचारलं.

"मुद्रकाच्या ओळीत एकच नाव असतं, बाई."

दुसऱ्या दिवसापासून ते निघाले. खांद्याला पिशवी, पिशवीत कोऱ्या वह्या. छपाईतल्या उरल्यासुरल्या कागदांच्या त्यांनी त्या स्वतः शिवलेल्या. पत्रक द्या, वही घ्या. मी माझ्या वाटपाच्या याद्या त्यांना दिल्या. ज्या क्रमानं वाटलं त्याच क्रमानं ते दारं वाजवत गेले. पहिल्या वर्षात चारशेच्या आसपास मिळाली. मग कमी कमी. त्यांनी नियम केला: नाव असलेला तुकडा म्हणजे एक, नाव नसलेला तुकडा धरायचा नाही. भिंतींवरची खळीनं चिकटलेली त्यांनी लोखंडी पट्टीनं खरवडली, तर नावच फाटायचं. ती मोजता आली नाहीत. त्याचं त्यांना फार लागायचं.

पत्रकं कुठंही निघायची. पिठाच्या डब्याखाली, न्हाव्याच्या टेबलावरच्या काचेखाली, देवीच्या तसबिरीच्या पाठीला, शाळेच्या पुस्तकाला कव्हर म्हणून. एका विडी वळणाऱ्या बाईनं प्रत द्यायला नकार दिला. मागच्या कोऱ्या बाजूवर तिच्या मुलानं पुण्याचा पत्ता लिहिला होता, आणि मुलाच्या हातचं घरात तेवढंच होतं. मास्तर म्हणाले, पत्ता छापून देतो. ती म्हणाली, "छापलेलं त्याच्या हातचं न्हाय." मास्तरांनी तिला वही दिली आणि प्रत न घेता आले. यादीत तिच्या नावापुढं मला लिहायला लावलं: पाहिली, मागायची नाही.

संघटना पुढं मोडली. तिघं निवडणुकीच्या मागं लागले, काही पुण्याला गेले, सेक्रेटरींनी दुकान काढलं. पेठेतले कितीतरी माग भंगारात गेले आणि लाईट जाणंही कमी झालं. प्रचार आता मोबाईलवर होतो. माझ्या गल्लीच्या ग्रुपवर दिवसाला चार माणसं देशद्रोही ठरतात. एकदा मी मास्तरांना तसा एक निरोप दाखवला. त्यांनी बोटानं तळापर्यंत सरकवून पाहिलं. "मुद्रकाची ओळ कुठं आहे?" त्यांनी विचारलं. नसते, म्हटल्यावर मोबाईल परत दिला.

गंमत म्हणून त्यांना छळणारेही होते. चहाच्या हॉटेलात एक जण नेहमी म्हणायचा, "माज्याकडं एक हाय, मास्तर. पन देनार न्हाय. आग असल्याबिगर धूर हुतोय का?" मास्तर त्याच्याकडं दर महिन्याला जायचे, नऊ वर्षं. तो वारला तेव्हा त्याच्या पोरानं घर शोधलं. पत्रक नव्हतंच.

मी किती वेळा म्हटलं, "मास्तर, जेवढी मिळाली तेवढी घेऊन जाऊ या. ते काय खरोखर मोजणार आहेत?"

"अपुरं काम घेऊन गिऱ्हाइकाकडं जायचं नसतं," ते म्हणायचे. त्यांच्यातली सगळ्यात चांगली गोष्ट तीच होती, आणि तिच्यापायीच बावीस वर्षं मैंदर्गीला कुणी गेलं नाही. मीही गेले नाही. मला मास्तरांचा आडोसा होता. ते गिऱ्हाइकाला अपुरं काम दाखवायला तयार नव्हते, आणि मला कधीच काही दाखवावं लागलं नाही.

शेवटची प्रत गेल्या दिवाळीत मिळाली, एका जुन्या शिलाई मशीनच्या खणात. मास्तरांना तेव्हा जिना उतरवत नव्हता. मी नेऊन दिली. त्यांनी ती दोन्ही हातांनी सपाट केली आणि नाव वाचलं. मोठ्यानं. मग आकडा विचारला. सहाशे चौऱ्याहत्तर, मी सांगितलं. त्यांनी मान हलवली, जणू काम अगदीच सुरुवातीला आहे.

खोली रिकामी केली त्याच आठवड्यात मी मैंदर्गीचा नंबर मिळवला. फोन मेहबूबभाईंच्या मुलीनं उचलला.

"कोन बोलतंय?"

मी नाव सांगितलं. सोलापूरहून बोलतेय, तुमच्या अब्बांच्या ओळखीची, म्हटलं.

"अब्बा दुकानावर हायत, पंक्चरच्या. काय काम हाय, मला सांगा की."

"निरोप देण्यासारखं नाही. मी भवानी पेठेतल्या मास्तरांकडची."

"ते कागदवाले मास्तर? अब्बा म्हनतात कवा कवा, मास्तर येनार हाय मोजायला. मी म्हनते, विसरला असंल की तो मानूस. तर म्हनतात, न्हाय, येनार हाय."

मी तिला सांगितलं की मास्तर गेले. पलीकडं हवा भरायच्या यंत्राचा आवाज येत होता. ती दुकानाजवळच असावी.

"मग आता कोन येनार?" तिनं विचारलं.

"मी येईन."

"या की मग. सकाळी या, उन्हाच्या आत. अब्बा कुटं जात न्हाईत."

हे फेब्रुवारीत झालं. आज एप्रिलची वीस तारीख. ट्रंक माझ्या घरात आहे, प्रती शंभराशंभरानं बांधल्या आहेत, वरचा गठ्ठा चौऱ्याहत्तरचा. अक्कलकोटपर्यंतच्या आणि तिथून पुढच्या एसटीच्या वेळा मी लिहून ठेवल्या आहेत. यादीत त्या एका कामाची मी तीन कामं केली, म्हणजे करायला सोपं जाईल: मैंदर्गीला जाणे. समोर बसून मोजून देणे. रद्दी भजीवाल्याला कुणी दिली ते सांगणे. इतर सगळ्या कामांवर खुणा झाल्या आहेत. या तीन ओळी रोज सकाळी मी नव्या पानावर उतरवून घेते.